अलिगढला ओबीसी दाखला चालतो का?

प्रश्न : मुलगा लातूरला बारावी सायन्सला आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातून बी.टेक. करायचं म्हणतो. आम्ही हिंदू, ओबीसी. त्याला प्रवेश मिळेल का? जेईईचे गुण आणि नॉन-क्रीमी लेयर दाखला तिथे चालेल का?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. धर्माची आडकाठी नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलिगढला शाळा काढली, १८७७ मध्ये तिचं कॉलेज झालं आणि त्या कॉलेजातही हिंदू मुलं शिकत होती. १९२० च्या कायद्याने कॉलेजचं विद्यापीठ झालं.

दाखल्याचा मात्र उपयोग नाही. तिथे एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लागू नाही. खरी वाटणी आहे ती आतले आणि बाहेरचे अशी. जवळपास निम्म्या जागा विद्यापीठाच्याच शाळांतून शिकलेल्यांना जातात. त्यामुळे माहितीपत्रकातला जागांचा आकडा बघून हुरळू नका, तो निम्माच धरा.

अलिगढच्या अल्पसंख्याक दर्जाच्या बातम्यांनीही गोंधळू नका. हा दर्जा नाकारणारा १९६७ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ४ विरुद्ध ३ मतांनी बाजूला सारला, पण दर्जा ठरवण्याचं काम दुसऱ्या पीठाकडे सोपवलं. प्रवेशासाठी त्या त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

बी.टेक.साठी जेईई नव्हे, विद्यापीठाची स्वतःची परीक्षा लागते. तिच्यात गणिताला निम्मं वजन, उरलेलं भौतिक आणि रसायनला. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतात, म्हणजे नेमके बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या धामधुमीत, आणि आपल्याकडची मुलं तिथेच चुकतात. परीक्षा केंद्रं मोजकी असतात. केंद्र निवडताना सीईटीची तारीख आणि रेल्वेचं आरक्षण दोन्ही बघा.

जेईईची तयारी झालीच असेल तर दिल्लीचं जामिया मिल्लिया विद्यापीठही बघा. तेही १९२० मध्ये अलिगढलाच सुरू झालं, १९२५ मध्ये दिल्लीला गेलं. तिथे २०११ पासून निम्म्या जागा मुस्लिमांसाठी राखीव आहेत, उरलेल्यांत तुमचा मुलगा येतो. बी.टेक.चा प्रवेश जेईई मेनवर होतो, पण जोसाच्या (आयआयटी, एनआयटी वगैरेंच्या सामायिक प्रवेशाच्या) फेऱ्यांत जामिया नसतं. त्यांचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तो राहिला तर जेईईत कितीही चांगला क्रमांक येवो, उपयोग शून्य.