लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीची पूजा का करतात?

कारण केरसुणीलाच लक्ष्मी मानतात: ती घरातली अलक्ष्मी, म्हणजे केरकचरा, दारिद्र्य नि कटकटी बाहेर काढते. आश्विन अमावास्येला नवी केरसुणी आणून तिला हळदीकुंकू वाहतात, मगच वापरायला काढतात. तिला पाय लागला की नमस्कार करायचा, ही सवयही त्यातूनच. या समजुतीला ग्रंथाचा आधार आहे. ‘धर्मसिंधू’त लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतर बायकांनी सूप नि डिंडिम (एक प्रकारचा ढोल) वाजवत अलक्ष्मीला अंगणाबाहेर घालवावे, असे सांगितले आहे. अलक्ष्मी ही लक्ष्मीची थोरली बहीण. तिला हाकलल्याशिवाय धाकटी घरात टिकत नाही, असा त्यातला अर्थ. म्हणजे नुसता पैसा मागण्याची ही पूजा नाही, आधी झाडायचे नि मग बोलवायचे.

पूजेत साधारण एवढे लागते:
- चौरंगावर लक्ष्मीची तसबीर किंवा नाणी-दागिने, व्यापाऱ्यांकडे वह्या
- नवी केरसुणी (शिंदीच्या पानांची मिळाली तर उत्तम, नाहीतर साधा झाडूही चालतो)
- लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य

मात्र सगळीकडे हे असेच होत नाही. बऱ्याच घरी झाडू धनत्रयोदशीलाच आणतात, आणि सूप वाजवण्याची रीत शहरांत फारशी दिसत नाही.