पोरगी शिकून नक्की कोण होणार?

नीटमध्ये एमबीबीएसचा कटऑफ हुकला की पालकांचे दोन गट पडतात. काही जण पुन्हा क्लास लावून रिपीटची तयारी सुरू करतात. बाकीचे कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, मिळालं ते घेऊन मोकळे होतात आणि डिग्री संपत आली की घाबरून आमच्याकडे, म्हणजे करिअर समुपदेशकांकडे, येतात. फलटण तालुक्यातले हे वडील त्या दुसऱ्या गटातले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी मुंबईत बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या शेवटच्या वर्षाला. आजार, अपघात किंवा अपंगत्व असलेल्या माणसाला रोजची कामं करता यावीत, यासाठीचे हे उपचार. तिचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप.

"मॅडम, गावात कुणी विचारलं तर मी सांगतो फिजिओ करतीय. खरं नाव सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे काय? आणि ते मलाच सांगता येत नाही. पोरगी शिकून नक्की कोण होणार?"

मुलगी खाली बघत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला तरी कुठे कळतंय? सगळे सीनियर चाइल्ड थेरपी सेंटरला लागतात, नाहीतर बाहेर जातात. मला लहान मुलांत काम करायचंच नाहीये."

बीपीटीएच (फिजिओथेरपी), बीएएसएलपी (वाचा-श्रवण उपचार), बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञान), नर्सिंग, सगळीकडून हीच तक्रार येते. एमबीबीएस म्हणजे डॉक्टर हे सगळ्यांनाच माहीत, त्यामुळे तिथे कुणी प्रश्न विचारत नाही. बाकीच्या आरोग्य पदव्यांमध्ये पदवीचं नाव एक आणि पुढे ज्या कामावर घेतात त्याचं नाव भलतंच असतं. मग जाहिरातीत आपल्या डिग्रीचं नाव शोधणारी मुलं निराश होतात. वडिलांचा पुढचा प्रश्न, नावापुढे 'डॉ.' लागेल का, हा होता. त्यावर देशभर वाद चालू आहे आणि माझ्या खोलीत तो सुटणार नव्हता.

मी त्यांना विचारलं, "तुमच्या गावाजवळची कमला निंबकर बालभवन शाळा माहितीय?" ते जरा दुखावलेच. फलटणच्या माणसाला ती शाळा माहीत नसायला काय झालं? पण ज्या कमलाबाईंचं नाव त्या शाळेला आहे, त्यांनीच १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू केलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाई मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात लग्न करून आलेल्या. पेशाची अखिल भारतीय संघटना १९५२ची, आणि त्याच वर्षी जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक देशांमध्ये भारत होता. वडील मुलीकडे वळून म्हणाले, "हे तू कधी बोलली नाहीस." ती म्हणाली, "परीक्षेला येतं, म्हणून पाठ केलं होतं."

मुलीला मी सांगितलं, पुढच्या वेळी बायोडेटा आणू नकोस, रुग्णालयातल्या पोस्टिंगमधल्या केसेसची फाइल आण. आरोग्याच्या डिग्रीत मार्कांपेक्षा ही फाइल मला जास्त सांगते. ॲनाटॉमी, बायोमेकॅनिक्स, ऑर्थो, न्यूरो, सायकिअॅट्री, कम्युनिटी मेडिसिन, बायोस्टॅटिस्टिक्स हे सगळं बीओटीएचच्या सगळ्यांनाच शिकवतात. त्यातलं कुणाला काय भिनलं, ते केस लिहिताना उघडं पडतं.

तिच्या फाइलमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या केसेस नीटनेटक्या होत्या, पण पुस्तकातून उतरवल्यासारख्या. मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगची पानं तर अगदी रोड. मग हँड थेरपी, म्हणजे हाताच्या दुखापतींवरचे उपचार, सुरू झाली आणि अक्षरच बदललं. पॉवर प्रेसमध्ये बोटं सापडलेला एक कामगार, टेंडनचं ऑपरेशन झालेला. त्याच्यासाठी तिने थर्मोप्लास्टिकचं स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, केलं होतं. गरम पाण्यात प्लास्टिकचा पत्रा मऊ करायचा आणि हातावरच आकार द्यायचा, असं ते काम. खाली नोंद होती: 'लोकलच्या दांड्याला स्प्लिंटची कड अडकते. पेशंट प्रवासात काढून ठेवतो.' शेजारी नव्या कडेचं छोटं चित्र. पुढे पक्षाघात झालेल्या एक आजी, एका हाताने साडी नेसता येत नव्हती. त्यांच्या साडीच्या निऱ्या शिवून कमरेला वेल्क्रो लावायचं हिने सुचवलं होतं, आणि आजींनी ते का नाकारलं तेही लिहिलं होतं. सुनेसमोर 'शिवलेली साडी' त्यांना नको होती.

आजींचा नकार लिहून ठेवणारी मुलगी मला महत्त्वाची वाटली. स्प्लिंट चांगलं झालं असं सगळेच लिहितात.

"हे तुला कुणी लिहायला सांगितलं होतं?" मी विचारलं.

"नाही. सरांनी तर खोडायला सांगितलं होतं, जर्नलमध्ये बसत नाही म्हणून."

तिथून आमचं बोलणं सुरळीत झालं. हँड थेरपी हा सरळ रस्ता. त्यात पुढे एमओटीएच, म्हणजे याच विषयातली मास्टर्स, आहेच, आणि प्लास्टिक सर्जन, हाताचे सर्जन यांच्याबरोबर काम करता येतं. दुसरा रस्ता तिने ऐकलाही नव्हता. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या संस्थांमध्ये एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्सला, जायला सीड ही प्रवेश परीक्षा लागते, आणि बारावीनंतर किमान तीन वर्षांचा कुठलाही पदवी अभ्यासक्रम केलेल्याला ती देता येते. म्हणजे बीओटीएचवालीलाही. अपंगांसाठी साधनं, वृद्धांच्या घरातली न्हाणीघरं, कारखान्यातलं यंत्र माणसाच्या पाठीला सोसेल असं बसवणं, या सगळ्यात शरीर आणि रोजचं जगणं दोन्ही कळणारी माणसं लागतात. नुसता डिझायनर त्या आजींना शिवलेली साडी देऊन मोकळा झाला असता.

बाकीच्या वाटा मी भराभर सांगितल्या, कारण त्या तिच्या नव्हत्या. बायोस्टॅटिस्टिक्समध्ये रमणाऱ्याला क्लिनिकल रिसर्च किंवा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. माणसं सांभाळायची हौस असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं (टिस) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन. जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, व्यवस्थापकपदाच्या जाहिरातीत मूळ पदवी म्हणून ऑक्युपेशनल थेरपी किंवा फिजिओथेरपीची पदवी चालते, सोबत पुनर्वसन प्रशासनाची मास्टर्स मागतात. त्या पदाच्या नावात थेरपी हा शब्दच नसल्याने मुलं ते पान उलटून पुढे जातात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, तेव्हापासून शाळांनाही असे लोक हवे असतात. एमपीएससीचा विषय वडिलांनी काढलाच. सातारा जिल्ह्यात तो निघाल्याशिवाय बैठक संपत नाही. कुठल्याही पदवीधराला राज्यसेवेला बसता येतं, पण हिला बसायचं नव्हतं.

बाहेरदेशाबद्दल मात्र सावध केलं. अमेरिकेत या पेशात यायला मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण आणि एनबीसीओटी या तिथल्या प्रमाणन मंडळाची परीक्षा लागते. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या आरोग्य पेशांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. 'डिग्री झाली की थेट' असं सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, एवढं वडिलांना बजावलं.

पगाराचंही गोड बोलले नाही. क्लिनिकमध्ये सुरुवात बेताचीच असते, सरकारी कामं बरीचशी कंत्राटी, आणि काही खासगी सेंटरं सेशनवर पैसे देतात, म्हणजे पेशंट आला नाही तर तुमचाही दिवस बुडाला. वडिलांनी विचारलं, "मग धाकट्याने इंजिनिअरिंग केलं ते बरं झालं म्हणायचं?" मी म्हटलं, "पहिली दोन-तीन वर्षं तो जास्त कमावेल, धरून चाला." त्यांना ते उत्तर आवडलं नाही, पण पटलं असावं, पुढचे प्रश्न खर्चाचे आणि नेमके होते.

इंटर्नशिप संपल्यावर तिने आधी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी केली. ती केल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, आणि मुलं नेमकी ही नोंदणीच लांबणीवर टाकतात. आता ती पुण्यात एका हँड क्लिनिकमध्ये आहे. सीड जानेवारीत असते. त्या परीक्षेच्या दुसऱ्या भागात कागदावर हाताने चित्रं काढावी लागतात आणि या मुलीची रेघ अजून कच्ची आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती चित्रकलेच्या क्लासला जाते. वडिलांनी परवा फोन करून क्लासची फी जास्त तर नाही ना, एवढंच विचारलं.