बदलीला मुलीला पाठवू नका

नाशिकच्या सिडकोतून एका आईचं पत्र आलंय. त्या आधी दवाखान्यात आया होत्या. आता त्यांचं घरी रुग्णसेवा देणारं ब्युरो आहे, सोळा मावश्या कामाला आहेत. पेशंटच्या घरचे दोन-दोन महिने पैसे थकवतात, मावश्यांचा पगार मात्र वेळेवर द्यावा लागतो. मुलीला बारावी सायन्सला 58 टक्के पडले. आईचा प्रश्न असा: "तिने जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करावा की बी.एस्सी. नर्सिंग? घरात नर्स झाली की ब्युरोला सरकारी मान्यता मिळेल आणि सत्तरीपुढच्या पेशंटचे पैसे आयुष्मान कार्डातून येतील." शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलंय, "ती काहीतरी बी.कॉम.चं म्हणते."

ताई, मार्कांचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले आहे. "बदलीला कोणी नसलं की हिलाच पाठवते. पेशंट झोपला की अभ्यास करते, म्हणजे दोन्ही कामं होतात."

नाही होत. तुम्ही तिला रात्री ज्यांच्याकडे पाठवलंत, ते गंगापूर रोडचे आजोबा अर्धांगवायूचे, नाकात नळी. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नळीतून भरवताना डोकं उंच नसेल तर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. अकरा, एक, तीन, पाच. या वेळांच्या मधे तुमची सतरा वर्षांची मुलगी जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसली आणि सकाळी तिथूनच पूर्वपरीक्षेला गेली. मार्क कमी पडले ते मोबाइलमुळे, असं तुम्ही लिहिता. मला तसं मुळीच वाटत नाही. आणि त्या रात्री काही बरंवाईट झालं असतं तर? प्रशिक्षण नसलेल्या मुलीच्या माथी तो दोष आयुष्यभर बसला असता. त्या आजोबांवरही हा अन्यायच होता.

तुम्ही वाईट आई आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही दमलेल्या आहात, आणि मावशी ऐनवेळी आली नाही की हाताशी जे माणूस असतं त्यालाच आपण पुढे करतो. पण ब्युरोची तूट मुलीच्या झोपेतून भरून काढणं आजपासून थांबवा.

आता आयुष्मान कार्डाचं, कारण हा गैरसमज मला बऱ्याच घरांत दिसतो. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं, हे खरं. पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात धरतात, ते औषधं आणि तपासण्यांसाठी. घरी रात्रभर बसणाऱ्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. तुमची मुलगी नर्स झाली काय आणि डॉक्टर झाली काय, त्याने हे बदलत नाही. सरकारने हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. पेशंट लवकर घरी गेला की खाट मोकळी होते, खर्च वाचतो, आणि पुढचा सगळा भार त्या घरावर आणि तुमच्यासारख्यांवर पडतो. त्या पंधरा दिवसांत शुश्रूषेचा मेहनताना धरला आणि तो वेळेवर दिला, तर तुमची निम्मी ओढाताण थांबेल. पण जे धोरण अजून झालेलंच नाही, त्याच्या भरवशावर मुलीची चार वर्षं गहाण टाकू नका.

जे आज आहे ते मात्र तुम्ही घेत नाही आहात. "ईएसआय लावला तर ब्युरो बंद करावं लागेल," असं लिहिलंत. ईएसआय म्हणजे कामगारांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली आणि पगार 21,000 पर्यंत असला की ईएसआय लागू होतो. मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे 15,000 पगारावर महिन्याला साधारण 488 रुपये. पेशंट उचलून कंबर धरलेल्या मावशीला त्यावर उपचार मिळतात, आजारपणाच्या रजेचे पैसेही मिळतात. मग ती न सांगता काम सोडून जात नाही, आणि तुमची बदलीची अडचणही कमी होते. पीएफ नोंदणी केली असेल तर आणखी एक वाट आहे. ऑगस्ट 2025 ते जुलै 2027 या काळात पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत नवीन माणसं वाढवणाऱ्याला सरकार पैसे देतं. दहा ते वीस हजार पगाराच्या माणसामागे महिन्याला 2,000, दोन वर्षं. लहान आस्थापनेने किमान दोन माणसं वाढवायची आणि सहा महिने टिकवायची, ही अट आहे. यासाठी घरात नर्स नको, एक चांगला सीए हवा. जीएसटीचंही त्यांनाच विचारा. उपचारसेवेला माफी आहे, नुसती माणसं पुरवली तर 18 टक्के, आणि तुमचं काम या दोन्हींच्या सीमेवर आहे.

राहिलं नर्सिंग. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. मनापासून करणाऱ्या मुलीसाठी उत्तम वाट आहे. तुमच्या मुलीला ती नको आहे.

तुम्ही सहज लिहून गेलात की कोणत्या घराकडे किती थकलंय याचा तक्ता तिनेच मोबाइलवर केला, आणि त्यामुळे एका घराकडचे विसरलेले 9,000 सापडले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सायन्सनंतर बी.कॉम.ला जाता येतं. नाशिकमध्ये चांगली कॉलेजं आहेत, 58 टक्क्यांची लाज बाळगायचं कारण नाही. फक्त तिला ब्युरोची फुकटची मुनीम करू नका. हिशेब तिने लिहिला तर त्याचे पैसे द्या आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी द्या.

आणि गंगापूर रोडच्या त्या घरी आजच फोन करा. सांगा की यापुढे रात्री शिकलेली सिस्टरच येईल, तिचा दर वेगळा असेल, पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ द्यावे लागतील. मागचे दोन महिनेही मागा. फोन करताना तिने केलेला तक्ता समोर ठेवा.