जहरा, झारा आणि जहर

खेड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या आणि त्यांचे यजमान इंग्लंडात लेस्टरला असतात, घरात बाळ यायचं आहे आणि मुलगी झाली तर 'झारा' नाव ठेवायचं दोघांच्या मनात आहे, कारण ते तिथल्या शाळेत कुणालाही म्हणता येईल. बाळाच्या दादीचं म्हणणं, नाव अरबीच हवं, 'जहरा' ठेवा. त्यात एका नातेवाइकाने फोनवर सांगितलं की 'जहरा'त जहर आहे, असलं नाव लेकराला देऊ नये. तेव्हा झारा आणि जहरा एकच का, त्यात खरंच विष आहे का, आणि अकीक्याच्या, म्हणजे मुसलमानांतल्या बारशाच्या, पत्रिकेवर मराठीत काय छापायचं?

पत्रिकेचं आधी सांगतो, कारण या 'झ'ने माझं डोकं कधीचं उठवलं आहे. झारा म्हणजे बुंदी पाडायचं भांडं. लांब दांडा, पुढे भोकांची चपटी वाटी, वरून पीठ ओतलं की खाली कढईत थेंब थेंब पडतात. झरा, झारी, झारा हे सगळे 'झरणे'च्या गोतावळ्यातले. मागे एका पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत 'चि. झारा' वाचलं आणि डोळ्यांपुढे थेट लग्नघरातला आचारी उभा राहिला.

इंग्रजी झेड दिसला की 'झ' लिहायचा, हा नियम मराठीने कधी केला? जमीन, बाजार, जुलूम, जकात, नमाज, जिल्हा, मजूर: फारसी-अरबीतून आलेल्या या सगळ्या शब्दांत मुळात तोच घर्षणाचा आवाज आहे आणि आपल्या पूर्वजांनी तो सरळ 'ज'ने लिहिला. आपल्या 'ज'ला दोन उच्चार आहेत. 'जन्म'मधला ज वेगळा, 'जोर'मधला वेगळा, आणि हा दुसरा त्या आवाजाच्या अगदी शेजारी बसतो. झेरॉक्स आणि झेब्रा इंग्रजीच्या वाटेने आले म्हणून ते 'झ' घेऊन आले. शुद्धलेखनावर अधिकाराने लिहिणारी काही मंडळी म्हणतात की 'झ'च जवळचा. त्यांनी एकदा 'झमीन' आणि 'बाझार' लिहून दाखवावं, मग बोलू. पत्रिकेवर 'जहरा' छापा. अक्षराखालचा टिंब, म्हणजे नुक्ता, नको; मराठी वाचणाऱ्याला तो लागत नाही.

आता जहर. तुमच्या नातेवाइकांचा कान बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकला आहे. आपल्याकडचं जहर फारसीतून आलं. फारसी 'जह्र' म्हणजे विष, आणि त्याचं मूळ प्राचीन इराणी भाषांतल्या 'मारणे' या अर्थाच्या 'जन्' धातूत आहे. संस्कृतातला 'हन्' त्याचाच सख्खा भाऊ, म्हणजे जहर आणि हत्या एका कुळातले. अरबीचं घराणंच निराळं. तिथे ज-ह-र या तीन व्यंजनांचा अर्थ चमकणे, उजळणे, फुलणे. 'जह्र' म्हणजे फुलं, 'अजहर' म्हणजे तेजस्वी, त्याचं स्त्रीलिंगी रूप 'जहरा'. पैगंबरांची कन्या फातिमा यांची ही उपाधी. कैरोत 972 मध्ये नमाजासाठी खुल्या झालेल्या अल्-अजहर मशिदीचं नावही त्यांच्यावरूनच पडलं, असं सहसा मानतात.

गंमत अशी, की अरबी लिपीत फारसीतलं विष आणि अरबीतलं फूल अक्षरशः सारखंच लिहितात. कोकणातल्या माणसाला हे अवघड वाटायचं कारण नाही. आंब्याला मोहर येतो आणि सोन्याची मोहरही असते. झाडावर नाणी लागतात असं कुणी म्हणतं का?

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. फारसीतला 'शह्र' आपल्या तोंडात 'शहर' झाला, 'मुह्र'ची मोहर झाली, 'जह्र'चं जहर झालं. ह आणि र एकमेकांना चिकटलेले आपल्या जिभेला चालत नाहीत, मध्ये एक 'अ' सरकवावा लागतो. हीच अडचण हजारेक वर्षांपूर्वी थेट स्पेनमध्ये आली होती. तिथल्या अरबी बोलीत 'जह्र'चं 'जहार' झालं, आधी 'अल्' हे उपपद जोडून 'अज्जहार', आणि त्यावरून स्पॅनिशमध्ये आजही संत्र्याच्या, लिंबाच्या फुलाला 'असाआर' म्हणतात. लिहिताना त्यात ह आहे, बोलताना तो कधीच गळून पडला. सेव्हिलच्या रस्त्यांवर वसंतात ज्याचा घमघमाट सुटतो ते हे फूल. ज्या झाडाला ते लागतं त्याच्या फळाचं नाव 'नारांखा', आणि ते निघालं आपल्या संस्कृत 'नारङ्ग'पासून, फारसी आणि अरबीतून मजल दरमजल करत. फळाचं नाव इकडचं, फुलाचं नाव अरबांचं, आणि दोन्ही एकाच फांदीवर! कोर्दोव्याजवळ 936 मध्ये खलिफा तिसरा अब्द-अर-रहमान याने जे राजनगर बांधायला घेतलं त्याचं नाव 'मदीनत अज्-जहरा'. तेव्हा हे नाव पाश्चात्त्य देशात परकं वाटेल ही भीती मनातून काढून टाका. युरोपच्या मातीत ते हजार वर्षांपूर्वीच रुजलं आहे.

इथे मला आणखी एक पाऊल पुढे जायचं आहे. स्पॅनिशमध्ये दुसरा शब्द आहे 'असार', म्हणजे दैव, योगायोग. फ्रेंचमधला 'आझार' त्याचाच भाईबंद, आणि लेस्टरमधल्या कुठल्याही गोदामाच्या पिवळ्या पाटीवर असतो तो इंग्रजी 'हॅझर्ड'ही. तिकडे तो आधी फाशांचा खेळ होता, धोका हा अर्थ नंतर आला. हा 'असार' म्हणजे अरबी 'अज्-जह्र', फासा. आणि फाशाला फूल का म्हणावं, तर फाशाच्या एका बाजूवर फूल काढलेलं असे म्हणून. काही कोशकारांना हे पटत नाही. ते म्हणतात, जुन्या अभिजात अरबी कोशांत 'जह्र'चा फासा हा अर्थ सापडत नाही. नसेलच. कोश लिहिणारे पंडित जुगाराच्या अड्ड्यावर बसत नव्हते. मग त्या अर्थाने आज कैरो आणि दमास्कसच्या चहाच्या दुकानांत पट खेळणारे फाशाला 'जह्र'च का म्हणतात? आपण पत्त्यांत 'बदाम' म्हणतो ते चित्र बदामासारखं दिसतं म्हणूनच ना? खेळणारा माणूस जे डोळ्यांना दिसतं त्यावरून नाव ठेवतो. सीरियातल्या एका किल्ल्याच्या नावावरून हा खेळ निघाला, ही मध्ययुगीन कथा तर मला मुळीच पटत नाही. गावाच्या नावावरून शब्द काढणं हा न सुटलेल्या प्रत्येक व्युत्पत्तीवरचा सोपा उतारा आहे. फुलाचा पुरावा थोडा आहे हे मान्य, पण मी फुलाच्याच बाजूचा.

राहिलं झारा. नावांच्या याद्यांत त्याचा अर्थ 'राजकन्या' देतात. तो अर्थ सारा या नावाचा आहे, हिब्रूतला. इब्राहिम यांच्या पत्नी सारा, आणि तेही मुसलमानांत चालणारं उत्तम नाव आहे. यादी करणाऱ्याने स आणि झ एका टोपलीत टाकले. इंग्रजीत 'झारा' 1697 च्या एका नाटकातच भेटते, कैदेत पडलेल्या राणीचं नाव म्हणून. युरोपीय लेखकांनी 'जहरा' ऐकलं आणि ह त्यांच्या कानातून निसटला, असं माझं मत आहे. पुढे 1981 मध्ये ब्रिटिश राजघराण्यातल्या मुलीला ते नाव मिळालं आणि त्याला तिथे वजन आलं. कपड्यांच्या स्पॅनिश दुकानाचा यात काही संबंध नाही. मालकाला 1975 मध्ये 'झोर्बा' ठेवायचं होतं, ते नाव जवळच्या एका बारचं निघालं, म्हणून अक्षरं फिरवून 'झारा' झालं.

दादींना एक विचारा. त्यांच्या माहेरी कुणी जोहरा होती का? कोकणात या नावाच्या आज्या पुष्कळ. जोहरा म्हणजे अरबी 'जुहरा', शुक्राची चांदणी, त्याच ज-ह-र मधली. अभिनेत्री जोहरा सहगल 1962 मध्ये लंडनला गेल्या, तिथल्या दूरचित्रवाणीवर कामं केली, आणि नाव कापून छोटं करायची गरज त्यांना पडली नाही.

इंग्रजी बोलणाऱ्याला र च्या आधीचा ह उच्चारताच येत नाही. तुम्ही 'जहरा' ठेवलं तरी शाळेतली बाई 'झारा'च म्हणणार, म्हणजे तुमच्या मनातलं नाव तुम्हाला आपोआप मिळतंय. दादी फोनवर जहरा म्हणतील, लाडात आल्या तर जोहरा. इंग्लंडात जन्माची नोंद 42 दिवसांच्या आत करावी लागते. त्या टेबलाशी बसाल तेव्हा झेड आणि ए च्या पुढचा एच लिहिला गेलाय का, तेवढं पाहून मग सही करा.