पैसे मुलाच्या नावावर ठेवण्याआधी

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. २८ वर्षांच्या मुलाला बायपोलर आहे, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी आणणारा मनाचा आजार. गेल्या गणपतीत आजार उसळला तेव्हा त्याने मोबाईलवरून कर्जं काढली आणि मित्रांत वाटून टाकली. आता औषधांवर तो ठीक आहे. निवृत्तीच्या रकमेतले १२ लाख त्याच्या नावे एफडीत टाकून त्याच्याकडून मुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, घ्यावं का?

गुरुजी, तरतूद कराच, पण अशी नको. एफडी त्याची एकट्याची असली, तर आजार चढल्यावर तो ती रातोरात ॲपवरून मोडू शकेल. उलट तो उदासीत गेला, अंथरुणातून उठेनासा झाला, तर उपचारासाठी तुम्हाला त्यातला रुपयाही काढता येणार नाही. मुखत्यारपत्राचा भरवसा तर मुळीच धरू नका. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, लिहून देणाऱ्याची मानसिक स्थिती बिघडली की ते संपतं. ऐन गरजेच्या दिवशी हातात नुसता कागद राहील.

रक्कम तुमच्या आणि काकूंच्या नावावर ठेवा, दोघांपैकी कुणालाही काढता येईल अशी. त्यातल्या २ लाखांच्या ५०-५० हजारांच्या वेगळ्या पावत्या करा. रात्री गाडी करून धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं झालं, तर मोठी ठेव मोडावी लागत नाही. तुमच्या पश्चात काय, याचं उत्तर मृत्युपत्रात हवं: रक्कम विश्वस्ताच्या हाती आणि मुलाला दरमहा खर्च. वकिलांकडून नीट लिहून घ्या. ऑटिझमसारख्या ठरावीक अपंगत्वांसाठीच्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखालचं पालकत्व बायपोलरला लागू होत नाही, त्या आशेवर थांबू नका.

आरोग्य विमा घेताना आजार लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावा लागतो. आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ मात्र ३ वर्षांपर्यंत असू शकतो, आणि दरमहाच्या गोळ्या बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. तो खर्च पेन्शनमधूनच धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला पैसे जवळपास लागत नाहीत. मुलगा बरा आहे तोवर त्याच्याशी बोला. त्याच २०१७ च्या कायद्याप्रमाणे तो साध्या कागदावर सही करून, आजारपणात उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा आपला प्रतिनिधी नेमू शकतो. पुन्हा त्रास झाला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आगाऊ लिहून ठेवू शकतो. मूळ त्याला समजेल अशा मराठीत लिहा, जोडीला कन्नड किंवा इंग्रजी प्रत ठेवा. यूपीआयची मर्यादा कमी करायची, क्रेडिट कार्ड बंद करायचं, तेही त्याच्या संमतीने. लपूनछपून केलं तर आजारपणात तो तुमच्यावरच संशय घेईल, औषधंही सोडेल.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा मुलाने लिहिलेला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, आणि बोलू द्या मुलालाच.