सख्खी भावंडं सेम का नसतात, हे दहावीच्या पोरांना कसं समजवायचं?

तुम्ही विचारलंय की 'लैंगिक प्रजननामुळे विविधता येते' हे वाक्य पोरं घडाघडा म्हणतात, पण अर्धं आईचं आणि अर्धं बाबांचं येतं तर सख्खी भावंडं सेम का नसतात असं विचारलं की गप्प. मी कोकणात दहावीला सायन्स शिकवते, त्यामुळे आमच्याकडे सुरुवात आंब्यावरूनच होते. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल का? ज्याच्या घरी चार कलमं आहेत तो लगेच म्हणतो, नाही बाई, काय येईल सांगता येत नाही. कलम म्हणजे तेच झाड पुन्हा, झेरॉक्स. कोय म्हणजे नवीन पोर, परागकण कुठल्या झाडाचे आले हे माहीत नाही आणि हापूसकडून येणारा अर्धा वाटासुद्धा दर फळात वेगळा.

हा 'अर्धा वाटा वेगळा' कसा, तिथे वेळ घालवा, बाकी पटापट उरकलं तरी चालतं. चार्टपेपरच्या तीन लांबीच्या पट्ट्या कापा, प्रत्येक लांबीची एक लाल, एक निळी. लाल म्हणजे आईला तिच्या आईकडून मिळालेलं गुणसूत्र, निळं तिच्या वडिलांकडून मिळालेलं. हे पुन्हा पुन्हा सांगा, कारण पोरांना वाटतं सगळी सरमिसळ फलनाच्या वेळी, आई-बाबांची गुणसूत्रं भेटल्यावर होते. तसं नाही, त्याआधी अर्धगुणसूत्री विभाजनातच (अंडपेशी किंवा शुक्रपेशी बनताना गुणसूत्रं निम्मी होतात ते) आजी-आजोबांचा माल वाटला गेलेला असतो. आता प्रत्येकाने डोळे मिटून प्रत्येक लांबीची एकच पट्टी उचलायची आणि फळ्यावर लिहायचं, लाल-निळा-लाल वगैरे. तीन जोड्यांत 8 प्रकार निघतात. चार जोड्या घेतल्या तर 16. माणसात 23 जोड्या, पोरांनाच दुप्पट-दुप्पट करत जाऊ द्या, 83,88,608 वर पोचतात आणि हे फक्त आईच्या बाजूचं. बाबांच्या बाजूचे तेवढेच, दोन्हींचा गुणाकार 70 लाख कोटींच्या वर जातो. इथे वर्गात आवाज होतो, होऊ द्या.

मग क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या दोन गुणसूत्रांनी आपापसात तुकडे बदलणं. एकाच लांबीची लाल आणि निळी पट्टी सारख्याच ठिकाणी कापून टोकं बदलायची, सेलोटेप लावायची. आता उचललेल्या एकाच पट्टीत आजी पण आहे आणि आजोबा पण. (प्रत्यक्षात ही अदलाबदल वाटणीच्या आधी होते आणि तेव्हा प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती झालेल्या असतात, पण ते आकृती काढताना सांगा, पट्ट्यांच्या खेळात आणलंत तर गोंधळ होतो.)

एक गोष्ट स्पष्ट सांगाच, या सगळ्यात नवीन जनुक तयार होत नाही, आहे तेच वेगवेगळ्या प्रकारे वाटलं जातं. नवीन येतं ते उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकातच बदल झाल्याने. पेपरात पोरं हे दोन्ही एकत्र कालवतात. आणि ते जीभ गोल करायचं प्रात्यक्षिक, माझं मत विचाराल तर सोडून द्या. एकसारख्या जुळ्यांतही एकाला येते आणि दुसऱ्याला येत नाही असं आढळलंय, त्यामुळे एका जनुकाचं उदाहरण म्हणून ते टिकत नाही, शिवाय घरी जाऊन एखादं पोर विचारतं की मग मी तुमचाच ना.

'विविधतेचा उपयोग काय' याला मी साका सांगते. हापूस कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखं निघतं ते. हापूसची कितीही कलमं बांधा, ही खोड प्रत्येक कलमात जाणार. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला, त्यात साका होत नाही. कलमाने जे जमणार नव्हतं ते संकराने झालं.

शेवटी वहीत एक प्रश्न द्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने मल्लिका आणि आम्रपाली या दोन जाती काढल्या, दोन्हींचे पालक तेच, नीलम आणि दशहरी, फक्त एकीत नीलम मादी आणि दुसरीत दशहरी. तरी आम्रपालीचं झाड बुटकं राहतं आणि मल्लिकाचं चांगलं वाढतं, का? जो 'माती वेगळी असेल' किंवा 'आई बदलली म्हणून' एवढंच लिहून मोकळा होतो, त्याच्या हातात परत पट्ट्या द्या आणि त्याच दोन पालकांची चार पोरं काढायला लावा.