ट्रेकला नेण्यासाठी छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. खिशात मावणारा घ्यावा की जास्त झूमचा?

तुम्ही लिहिलंय की महिन्याला एखाद-दुसरा ट्रेक होतो, हिवाळ्यात एकदा घरच्यांना घेऊन भिगवणला पक्षी बघायला जाता, मुलीचं शाळेचं गॅदरिंग असतं आणि आजवर सगळं फोनवरच भागवलं. लेन्स बदलण्याची भानगड नको, वजन नको, पण झूम हवा. माझ्या गरजाही जवळपास याच होत्या, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी उत्तर देऊन टाकतो. 1 इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप), 200 ते 360 मिमीपर्यंत पोचणारा (मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), पाऊचमध्ये मावणारा कॅमेरा घ्या. खोक्यावरच्या 30 पट, 40 पट आकड्यांच्या मागे जाऊ नका.

माझा पहिला कॅमेरा मोठ्या झूमचा होता. साधारण 600 ग्रॅम, पुढे लेन्सचं नळकांडं आलेलं. तो पाठीवरच्या सॅकमध्ये राहायचा. तीन वर्षांनी राजगडाचे फोटो एकत्र लावायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की तीन ट्रेक झाले आणि तिन्ही वेळचे फोटो पद्मावती माचीवर पोचल्यानंतरचे. गुंजवण्यातून चोरदरवाजाकडे चढताना रेलिंग धरून थांबलेले मित्र, झाडीतून अचानक दिसणारी सुवेळा माची, धापा टाकत बसलेला माझा भाऊ, यातलं काहीच नव्हतं. हात कातळावर असताना सॅक उतरवून, चेन उघडून कॅमेरा कोण काढणार? पुढे तीनशे ग्रॅमचा कॅमेरा कमरेच्या पाऊचमध्ये आला आणि वाटेतले फोटो सुरू झाले. आज ते फोटो मला माथ्यावरच्या फोटोंपेक्षा जास्त जवळचे वाटतात.

म्हणजे छोटा कॅमेरा घ्यावा इथपर्यंत ठरलं. पण दुकानात गेलात की दिसेल, छोट्या कॅमेऱ्यांतही प्रचंड झूमवाले आहेत. खरी निवड इथे करावी लागते, म्हणून तीन कॅमेरे शेजारी ठेवू.

कॅनन पॉवरशॉट एसएक्स740 हा 24 ते 960 मिमी, म्हणजे 40 पट झूमचा, आणि वजन 299 ग्रॅम. सोनी आरएक्स100 मार्क 7 हा 24 ते 200 मिमी, वजन 302 ग्रॅम. पॅनासोनिक लुमिक्स टीझेड200 हा 24 ते 360 मिमी, वजन 340 ग्रॅम. तिन्ही 20 मेगापिक्सेलचे. वजनात म्हणावा असा फरकच नाही! मग कॅननने तेवढ्याच खिशात सोनीच्या पावणेपाचपट लांबचा झूम बसवला कसा?

सेन्सर लहान करून. सोनी आणि पॅनासोनिकमधल्या सेन्सरचं 1 इंची हे नुसतं नाव, प्रत्यक्ष माप 13.2 × 8.8 मिमी असतं. कॅननमधल्या 1/2.3 इंची सेन्सरचं साधारण 6.2 × 4.6 मिमी. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ चारास एक. सेन्सर लहान असला की तेवढाच दृश्यकोन मिळवायला लेन्सही छोटी पुरते. 960 मिमी असं लिहिलेली कॅननची लेन्स प्रत्यक्षात 172 मिमीची आहे. 960 हा आकडा जुन्या 35 मिमी फिल्मच्या हिशोबातला. आणि 40 पट म्हणजे फक्त 960 भागिले 24. डोळ्याला दिसतं त्याच्या 40 पट, असा त्याचा अर्थ नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

त्यामुळे तुमच्या प्रश्नात मी एक तिसरी गोष्ट घालतो. खिसा, झूम आणि उजेड. खिशाचं माप ठरलं असेल, तर झूम वाढवताना तुम्ही उजेड देऊन टाकत असता.

गॅदरिंगचंच घ्या. हॉल काळोखा, स्टेजवर लाल-निळे दिवे, मुली नाचतायत, तुम्ही दहाव्या रांगेत. नाच गोठवायला शटर 1/250 सेकंद तरी हवं. सोनीची लेन्स 200 मिमीला एफ/4.5 असते (एफपुढचा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र बारीक, उजेड कमी) आणि सेन्सर मोठा, त्यामुळे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 3200 पर्यंत वाढवली तरी चेहरा ओळखू येतो, बांगड्यासुद्धा दिसतात. लहान सेन्सरवर त्याच आयएसओला कॅमेरा फोटोत उठलेले दाणे पुसायला जातो आणि त्याबरोबर केस, भुवया, कपड्यांवरची जरी सगळं पुसून टाकतो. चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो. झूम कितीही असला तरी त्या फोटोत मुलगी जवळ आली असं वाटत नाही. गॅदरिंग वर्षातून एकदाच असतं, पण फोटोचं महत्त्व दिवसांवर मोजायचं नसतं. माझं मत विचाराल तर तुमच्या यादीत सगळ्यात वरचा क्रमांक याचाच आहे.

भर उन्हातही लांब झूमला एक मर्यादा आहे. कॅननची लेन्स 960 मिमीला एफ/6.9 होते. इतक्या बारीक छिद्रातून आलेल्या प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, पसरतो. साधारण 9 मायक्रॉनचा ठिपका होतो, आणि त्या सेन्सरचा एक पिक्सेल 1.2 मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेल रुंदीवर सांडतो. 20 मेगापिक्सेल लिहिलेले असतात, पण तेवढा तपशील येत नाही. त्यात दुपारी पाण्यावरून उठणारी गरम हवा. भिगवणला अकरानंतर पाण्यावरचा कुठलाही लांबचा फोटो थरथरलेला येतो, त्याला महागडी लेन्ससुद्धा काही करू शकत नाही.

आता भिगवणचाच हिशोब करू, कारण झूमची खरी ओढ तिथेच लागते. रोहित पक्षी सव्वा मीटरभर उंच धरा आणि होडीपासून 60 मीटरवर. आडव्या फोटोत 200 मिमीला तो उंचीचा साधारण सहावा हिस्सा व्यापेल. 360 मिमीला तीस टक्क्यांच्या आसपास, कॅननसारख्या कॅमेऱ्यावर 720 ला साठ टक्क्यांच्या वर. पण रोहित एकटा कधी असतो? थव्याचा फोटो घ्यायचा तर 200 ते 360 अगदी पुरे, आणि मला तरी थवा, उजनीचं पाणी आणि मागची होडी असा फोटो एकट्या पक्ष्यापेक्षा आवडतो. छोटा धीवर मात्र वेगळा. 17 सेंटिमीटरचा पक्षी 20 मीटरवर असेल तर 200 मिमीला तो फोटोत ठिपका, 720 ला उंचीच्या पाव हिश्शाएवढा. तिथे खिशातला 1 इंची कॅमेरा कमी पडणार, हे मान्य करूनच घ्या.

ती कमतरता भरून काढायला कॅमेरा बदलू नका, एक 8×42 ची (8 पट जवळ दाखवणारी, 42 मिमी भिंगांची) दुर्बीण घ्या. सव्वासहाशे-सातशे ग्रॅम असते, पण ती भिगवणलाच न्यायची, ट्रेकला नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकच माणूस पक्षी बघतो. दुर्बीण होडीत सगळ्यांच्या हातून फिरते आणि मुलीला रोहितची वाकडी गुलाबी चोच डोळ्यांनी दिसते. आमच्याकडे तरी पक्ष्यांची गोडी दुर्बिणीने लागली, फोटोंनी नाही.

पक्ष्यांचे फोटो हाच तुमचा छंद होणार असेल, दर रविवारी पाणथळीवर जाणार असाल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि वजन पत्करा. नायकॉन पी950 हा 2000 मिमीपर्यंत जातो आणि एक किलोचा आहे. सोनी आरएक्स10 मार्क 4 मध्ये 1 इंची सेन्सर, 600 मिमी, तेही एफ/4, आणि वजन 1095 ग्रॅम. उजेड आणि झूम दोन्ही हवे असतील तर तराजूवर काय पडतं, ते या आकड्यात दिसतं.

आणि अगदी उलट टोक, 24 ते 70 मिमीचे छान उजेडाच्या लेन्सचे छोटे कॅमेरे? दहा वर्षांपूर्वी मी तेच सुचवलं असतं. आज फोनची मुख्य लेन्सच 24-26 मिमीची असते आणि दिवसाउजेडी उत्तम काम करते. फोन खिशात असताना दुसरं यंत्र न्यायचं, तर त्याने फोनला जमत नाही ते करायला हवं. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, उभी असलेली माणसं टिपणं, हे ते काम.

तर सोनी की पॅनासोनिक? ट्रेक आणि गॅदरिंग जास्त असेल तर सोनी. जुना मार्क 6 मिळाला तरी लेन्स तीच, 24 ते 200. बॅटरी एका चार्जमध्ये अडीचशेच्या आसपास फोटो देते, तेव्हा दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या. भिगवण आणि दूरचे कडे जास्त ओढत असतील तर पॅनासोनिक, पण त्याची लेन्स 360 ला एफ/6.4 होते, हॉलमध्ये ती दमते. दोन्हींना डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे. गडावरच्या उन्हात पडदा काळा दिसतो तेव्हा तो लागतोच, शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हात कमी हलतो. एसएक्स740 ला तो नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर झूम दहा-बारा वेळा पूर्ण बाहेर-आत करा आणि कान देऊन ऐका. या सरकत्या लेन्स धुळीला फार हळव्या असतात, करकर ऐकू आली तर सोडून द्या. लेन्सचं छिद्र सगळ्यात बारीक करून (एफचा आकडा सगळ्यात मोठा ठेवून) कोऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या डागांसारखी दिसते. फोनचा टॉर्च लावून लेन्समध्ये तिरपं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत वापरलेल्या कॅमेऱ्यांत ती बऱ्याचदा असते. घरी आणल्यावर तुम्हीही कापडी पाऊचमध्ये कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर त्या महिन्याला बदलायच्या. ट्रेकमध्ये पाऊस आला तर साधी झिपची पिशवी पुरते.